बरणीतले शेवटचे काप

लेकीने टेबलावर तीन बश्या मांडल्या, तेव्हाच वायरमनच्या लक्षात आलं, की ही काही चहाची तयारी नाही.

शिंपीणबाई आज पहिल्यांदाच घरी आल्या होत्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, वेळ पडली तर चटकन उठता यावं अशा बेताने. रिटायर झाल्यावर वायरमननी त्यांच्याकडे पँट कमरेत सैल करायला दिली होती. मग पुन्हा थोडी सैल करायला. मग तीच पँट घट्ट करायला घेऊन आले, तेव्हा बाईंना कळलं, की मामला कमरेचा नाही. आता दोघांचं लग्नाचं ठरलं होतं. लेकीच्या कानावर घातल्यापासून ती फक्त "बघू" एवढंच म्हणत होती.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाईंनी येताना घरी वाळवलेल्या मटणाचा डबा आणला होता.

"बाबा म्हणाले, तुम्हीही मटण वाळवता," लेक म्हणाली. "म्हटलं, चव घेऊन बघू. कोणाचं कसं ते."

पहिल्या बशीत बाजारच्या पाकिटातलं होतं. दुसरीत बाईंच्या डब्यातलं, धुरावर वाळवलेल्या जाड, काळपट पट्ट्या. तिसरीत कागदासारखे पातळ काप होते, लिंबू-मिरपूड लावून उन्हात वाळवलेले. ते बघून वायरमन खुर्चीतून अर्धे उठले.

"अगं, ती बरणी..."

"हो. आईचीच."

ती गेल्यापासून दीड वर्ष ती बरणी फळीवर होती. वायरमन अधूनमधून झाकण काढून नुसता वास घ्यायचे आणि परत लावायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. तळाशी मोजके काप उरले होते. ते सगळे आता बशीत होते.

"घ्या ना, बाई."

बाईंनी आधी बाजारचं घेतलं. बराच वेळ चावत राहिल्या. "गोड आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि ताणलं तर ताणतंय. इलॅस्टिक संपलं की वापरीन."

वायरमन हसले. लेक हसली नाही. तिने बाईंच्या बशीतली एक पट्टी उचलून दाताने ओढली. तुटेना. मान वाकडी करून पुन्हा ओढली.

"उभ्या धाग्यात कापलंय ते," बाई म्हणाल्या. "घाई केली तर हाती लागत नाही. आमचे हे ट्रकवर असायचे. गालात एक पट्टी धरली, की झोप यायची नाही म्हणायचे."

"हे" जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीने पट्टी गालात सारली आणि तिसरी बशी पुढे ढकलली.

"राहू दे," वायरमन हळूच म्हणाले. "नाही घेतलं तरी चालेल."

"खाऊ द्या की, बाबा."

बाईंनी एक काप उचलला आणि कापड बघावं तसा खिडकीच्या उजेडात धरला. "आडवं कापलंय. काय हात होता हो," असं स्वतःशीच म्हणून तोंडात टाकला. कुर्रकन मोडला. लेक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. चांगलं म्हणाल्या, तर तोंडदेखलं बोलल्या. वाईट म्हणाल्या, तर बघा, आत्तापासूनच! दोन्हीची तयारी तिने करून ठेवली होती.

बाईंनी शांतपणे गिळलं. "मसाला फार छान. आंबटपणा अगदी बेताचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पण मीठ जास्त झालंय."

वायरमननी टेबलाची कड धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. लेकीला वाटलं, बाबा रडतायत. ती घाबरून उठली.

वायरमन हसत होते.

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगत होतो!" त्यांना नीट बोलताही येईना. "हेच! शब्दाला शब्द! आणि ती काय म्हणायची, माहितीये?"

"'मीठ जास्त नाही, तुमचे लाड जास्त झालेत!'" लेकीच्या तोंडून निघून गेलं. आवाजही आईचाच, कमरेवरचा हातही आईचाच.

बाईंनाही हसू आवरेना. आई गेल्यापासून या घरात तिला कोणी नावं ठेवली नव्हती. जो तो येऊन "देवमाणूस होत्या" म्हणायचा आणि जायचा. आता कुठे ती घरात असल्यासारखी वाटली. तावातावाने भांडणारी, स्वतःचंच खरं करणारी. हसता हसता लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

"उरलेले बरणीत ठेव, पोरी," बाई म्हणाल्या. "मी एकच घेतलाय."

लेकीने बशी उचलली. वायरमननी तिचा हात धरला.

"आता कशाला ठेवतेस? आण इकडे. खायला केलं का बघायला, म्हणून ओरडली असती ती."

त्यांनी स्वतःच वाटणी केली. लेकीला जास्त दिले. आईचे काप कुरकुर मोडून बघता बघता संपले. मग मोर्चा जाड पट्ट्यांकडे वळला. बोलणं बंद पडलं. घरात नुसते जबडे चालल्याचा आवाज. लेकीने खुर्ची बाईंच्या जवळ ओढून घेतली, कारण डबा त्यांच्या बाजूला होता. निदान तिने दाखवलं तरी तसंच.

वायरमनना मात्र धीर निघेना. दोन्ही गाल फुगलेले, त्यातच त्यांनी बोट वर केलं.

"मग... लग्नाची... ताईख..."

"आधी तोंडातलं संपवा!" दोघी एकदमच ओरडल्या.