पंधरावी जागा

माझात्लानमधल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या सॉफ्टबॉल संघात पंधरा जण असतात. चौदा मेक्सिकन आणि एक परदेशी, असा लीगचा नियमच आहे. परदेशी माणसाची जागा ओरेगॉनच्या ग्लेनने अडवली होती, म्हणून कॅनडाहून इथे राहायला आलेला वेंडेल तीन वर्षं बाकावर बसून आमच्यासाठी बर्फ फोडत होता.

दीड वर्षापूर्वी आमचा कॅचर गाव सोडून गेला. तेव्हा कप्तान तेयो वेंडेलला म्हणाला, "गोऱ्या, तू मेक्सिकन हो. ही जागा तुझी!"

तेयोने थट्टा केली होती, वेंडेलने ती खरी धरली. सत्तराव्या वर्षी त्याने सव्वा वर्ष सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले, बोटांचे ठसे दिले, उन्हात रांगा लावल्या. आम्हाला मात्र अवाक्षर सांगितलं नाही.

परवाच्या रविवारी तो कागद नाचवतच मैदानात आला. "तेयो, काढ माझी जर्सी! आता मीही तुझ्याइतकाच मेक्सिकन आहे."

तेयोने कागद दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. "अरे म्हाताऱ्या, सांगायचं तरी होतंस! कॅचरच्या जागी आम्ही केव्हाच दुसरा घेतला. आणि काल ग्लेनने आपलं नाव काढून घेतलं, तुझ्यासाठी. म्हणाला, वेंडेलला एकदा खेळताना बघू दे."

"मग झालं की! एक जागा रिकामी आहे ना?"



"आहे," तेयो म्हणाला, "पण ती परदेशी माणसाची."