डावा गुडघा

फोटोवाल्या बाई झुडपामागे पक्ष्यांचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. पुस्तक नुसतं दाखवायला. अकरा वर्षांत त्यातला एकही पक्षी त्यांनी धड ओळखला नव्हता. त्यांचं काम वेगळं होतं. मुलं आपल्या मैत्रिणींना फिरायला म्हणून डोंगरावर आणायची, अचानक गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारायची, आणि बाई दडून तो क्षण टिपायच्या. मुलीला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढीच अट.

आजचा मुलगा चष्मेवाला, घाबरट. काल जागा बघायला आला तेव्हाच बाईंनी त्याच्याकडून चार वेळा वदवून घेतलं होतं.

"डावा गुडघा टेकायचा. माझ्या बाजूचा. उजवा टेकलात तर दुसरा गुडघा मध्ये येतो, आणि गुडघ्याचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही."

"डावा," तो म्हणाला होता, उजव्या पायावर हात ठेवून.

आता सकाळचे सात वाजले होते. तळ्यावरचं धुकं विरलं होतं आणि ते दोघं कड्याच्या टोकाशी, सपाट दगडावर उभे होते. कडा दिसायला भयंकर, पण खाली कमरेएवढ्या अंतरावर गवताची चांगली रुंद पायरी होती. मुलाला ती बाईंनी काल उतरून दाखवली होती. मुलगी इथे पहिल्यांदाच आलेली.

मुलाचा हात खिशात गेला. बाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबून धरलं.

तो उजव्या गुडघ्यावर खाली जायला लागला. अर्ध्यात त्याला आठवलं. त्याने तसाच पाय बदलायला घेतला, ओल्या दगडावर बूट सरकला आणि तो कड्याकडे कलला.

"अगं बाई!" म्हणत बाई डोळे गच्च मिटून झुडपातून उभ्याच राहिल्या.

उघडून बघतात तर झालं काहीच नव्हतं. मुलगा सावरला होता आणि बसलाही, तेही बरोबर डाव्या गुडघ्यावर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्याने अंगठीची डबी वर धरली. "माझ्याशी लग्न करशील?" एका दमात विचारून टाकलं.

मुलीने त्याच्याकडे बघितलं. मग झुडपातून वर आलेल्या बाईंकडे आणि त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"थांब जरा," ती त्याला म्हणाली. "हलू नकोस."

आणि ती सरळ बाईंकडे चालत आली.

बाईंनी हो म्हणणाऱ्या बघितल्या होत्या, रडणाऱ्या बघितल्या होत्या. एक तर काही न बोलता बस पकडायला निघून गेली होती. पण उत्तर तसंच लटकत ठेवून कॅमेऱ्याकडे येणारी ही पहिलीच. आपल्या एका ओरडण्याने त्या पोराचं सगळं मुसळ केरात गेलं, असं त्यांना वाटलं.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "मीच ओरडले. त्याच्यावर राग नको काढूस."

"राग नाही हो काकू." मुलीचा आवाज शांत होता. "हा विचारणार, हे मला महिनाभरापासून माहीत आहे. रोज आरशासमोर हो म्हणून बघते. तोंडातून निघतं. पण चार वर्षं झाली आम्हाला. तो हवाय म्हणून हो म्हणतेय की नुसती सवय झालीय म्हणून, तेच कळत नाही." तिने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "त्याने विचारायच्या आधी माझा चेहरा कसा होता? मला बघायचाय."

बाई घुटमळल्या. सुरुवातीचे फोटो त्या कधीच कोणाला देत नसत. तेव्हा चेहरा सावरलेला नसतो; तोंड उघडं, डोळे वटारलेले. ते पुसायचे आणि हसरे तेवढे द्यायचे, अशी त्यांची रीत.

"चांगले नसतात गं ते."

"म्हणूनच दाखवा."

बाईंनी कॅमेरा तिच्यासमोर धरला. पहिल्या फोटोत ती तळ्याकडे बघत जांभई देत होती. दुसऱ्यात तो वाकत होता. तिसऱ्यात तो कड्याकडे कलला होता, आणि त्यात तिचा चेहरा नव्हताच, सगळे केस तोंडावर आलेले. दोन्ही हात पसरून तिने स्वतःला त्याच्याकडे झोकून दिलं होतं. एक पाय दगडाच्या बाहेर, अधांतरी. तिच्या हातातला फोन कुठेतरी हवेत उडालेला.

"चेहरा नाही आला," बाई ओशाळून म्हणाल्या.

मुलीने आपला रिकामा हात उलटासुलटा करून बघितला. "माझा फोन खाली गेला?"

"जातोय कुठे! कमरेएवढ्यावर पायरी आहे ना गवताची. तो पडला असता तरी कोपर खरचटलं असतं, बस. त्याला माहीत होतं ते."

"मला नव्हतं," मुलगी म्हणाली.

"नव्हतंच," बाई म्हणाल्या.

मुलीने तो तिसरा फोटो पुन्हा एकदा बघितला. बराच वेळ बघितला.

"उठू का?" तिकडून मुलाची हाक आली. बिचारा हललाही नव्हता. "पायाला मुंग्या आल्यात."

ती त्याच्याकडे गेली. त्याने उठायला म्हणून जोर घेतला आणि मध्येच थबकून केविलवाण्या नजरेने बाईंकडे बघितलं.

"आधी कुठला पाय?"

मुलीने दोन्ही हातांनी त्याचा दंड घट्ट पकडला.

"कुठलाही उचल," ती म्हणाली. "मी धरलंय."