वाळवंट ओलांडणारा वीर

एकाहत्तरच्या लढाईत सिंधमधून आलेले जेठानंदकाका जरीपटका वस्तीतल्या पोरांना एकाच वीराची गोष्ट सांगत. त्या वीराने चाळीस माणसं वाळवंटातून पायी सुखरूप आणली होती, आणि आता ‘मला तुमचा म्हणा’ असं विनवत तो नव्या राजाच्या दरबारी खेटे घालत होता.

लढाईनंतर सात वर्षांनी काका कचेरीतून नागरिकत्वाचा कागद घेऊन आले. त्यांचे भिजलेले डोळे पाहून पोरांना कळलं, तो वीर म्हणजे काकाच.

“आता तुम्ही आमचे झाले! मंग रडून काहून राहिले, काका?” छोट्या पुष्पलताने विचारलं.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

 

“माही माय तिकडंच राहिली, बेटा. आजपासून तिच्या घरी मी परदेशी झालो.”