जिन्याखालची जाळी

पोशीरच्या चंदर सुताराला आज शेठच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. शेठ शनिवार-रविवारी कर्जतच्या बंगल्यावर यायचे. या खेपेला त्यांनी होम थिएटर आणलं होतं, आणि त्याचा पिंपाएवढा वूफर दिवाणखान्यात वाईट दिसतो म्हणून तो जिन्याखालच्या अडगळीत बसवायचा होता.

"नुसता कोंडून ठेवू नकोस हां," शेठ दहाव्यांदा म्हणाले. "मागे चार बोटं जागा सोड. दाराला जाळी लाव, वर छोटा पंखा बसव. खिडकी नाही ना तिथं, उन्हाळ्यात भट्टी होते. त्याला श्वास घेता आला पाहिजे."

चंदर दाराचं माप घेत राहिला. अडगळीतल्या भिंतीवरचा टिचभर आरसा आणि खिळ्याला अडकवलेला कंगवा त्यानं सकाळीच काढून खिशात ठेवला होता. तेव्हापासून त्याला शेठच्या या कळवळ्याची किळस येत होती.

चारच्या सुमाराला जाळी बसली, पंखा फिरला. शेठनी आत हात घालून वारा लागतोय का बघितलं आणि ते खूश होऊन फोटो पाठवत बाहेर गेले.

बंगला राखणारी मालनबाई काखेत वळकटी घेऊन पंपाच्या खोलीकडं निघाली होती. "मावशी, तुमचा आरसा," म्हणत चंदरनं आरसा-कंगवा तिच्या हातात दिला. ती थांबली, वाकली आणि तिनं जाळीला गाल लावला.



"चार वरसं निजले हितं," ती म्हणाली. "आता कुठं जागा निजायजोगी झाली बघ रं."