आईची उत्तरं

शलाका मिरजेतल्या छोट्या दुकानांसाठी ग्राहकांना ईमेल पाठवायची. मजकूर आता एआयच लिहायचा, प्रत्येक ग्राहकाला वेगळा. एका मसालेवाल्याला आलेली उत्तरं चाळताना तिला आईचं नाव दिसलं. चाळीस उत्तरं! गुडघ्याचं दुखणं, बाबांची आठवण, एकटीनं जेवणं नको वाटतं, हे सगळं आईनं तिथं माणूस आहे असं समजून लिहिलं होतं. शलाकाला मात्र ती फोनवर "मी मजेत" एवढंच सांगायची.

शलाकाचा जळफळाट झाला. तिनं आईपुरतं एआय बंद केलं आणि दुकानाच्या नावानं स्वतःच पत्र लिहिलं, अगदी मनापासून.

तासाभरात उत्तर आलं, "आज तुमचं पत्र नेहमीसारखं नव्हतं. माझी मुलगी बोलते तसं घाईघाईचं वाटलं. तब्येत बरी आहे ना?"