कवितांच्या मधलं संगीत

स्टीलचं ताट मैत्रेयीच्या भुवईवर आदळलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिनं हाताला लागलेलं फडकं जखमेवर दाबलं आणि दुसऱ्या हातानं लेकीला, आर्याला, दाराबाहेर ढकललं.

तोवर प्रकाशरावांनी कमलाबाईंना धरलं होतं. शहात्तर वर्षांचा हा तिचा सासरा बायकोचं डोकं सिंकच्या कडेवर दाबत होता.

मैत्रेयीच्या नवऱ्यानं, सुबोधनं, वडिलांना मागून मिठी घालून ओढलं. दोघंही फरशीवर पडले. प्रकाशरावांनी मुलाचं मनगट तोंडात धरलं आणि दात रुतेपर्यंत चावलं.

“ती स्वीडनची टेप लाव,” कमलाबाई म्हणाल्या. ओठ फाटला होता, पण आवाज शांत होता. “ह्यांच्या रेडिओवरची. लाव आधी.”

सुबोधनं ते संगीत फोनवर शोधलं. व्हायोलिनचे पहिले सूर निघाले.

प्रकाशरावांचा जबडा सुटला. ते गुडघ्यांवर सरकत फ्रिजच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत गेले, पाय पोटाशी घेऊन बसले, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. डोळे मिटलेले. गालावरून पाणी वाहत होतं.

“बघ,” सुबोध मनगट धरून म्हणाला, “सगळं विसरले, पण हे नाही विसरले.”

पॉलिक्लिनिकमध्ये मैत्रेयीला चार टाके पडले. टॅक्सीतून सेम्बावांगच्या घरी परतताना सुबोधनं तिला सगळं सांगितलं. प्रकाशराव सांगलीच्या रेडिओ केंद्रात टेप सांभाळायचे. कधीतरी परदेशातून आलेल्या टेपांत ही होती. तिची एक प्रत त्यांनी घरी आणली.

“मुळात ते संगीत रेडिओसाठीच लिहिलेलं. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांवरच्या कविता कुणीतरी वाचायचं आणि मधल्या जागांत ऑर्केस्ट्रा वाजायचा. लोकांना ते इतकं आवडलं, की कविता मागे पडल्या आणि सूर राहिले. बाबा हे फार रंगवून सांगायचे.”

“आणि आई?”

“रविवारी दुपारी दोघं दार लावून तेच ऐकत बसायचे. मला खाली खेळायला पाठवायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना त्यांचं कौतुक होतं. बाबांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता गं. मुंगीसुद्धा मारायचे नाहीत. हा आजारच वाईट.”

मार कमी झाला नाही. त्याच आठवड्यात प्रकाशरावांनी दारात चेंगरून कमलाबाईंची करंगळी मोडली. नंतर एकदा उकळता चहा त्यांच्या मांडीवर फेकला. गंमत अशी, की आर्याला ते काही करत नसत. मैत्रेयीला ताट लागलं तेही ती मध्ये आली म्हणून. त्यांचा सगळा राग कमलाबाईंवर होता.

सुबोधनं मायदेशी, पुण्यातल्या एका वृद्धाश्रमाशी बोलणं केलं. तिथे अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग होता. विमानाची तिकिटंही काढली.

कमलाबाई ऐकेनात. “एक्कावन्न वर्षं सांभाळलंय मी ह्यांना. परक्या माणसांच्या हाती देऊ?”

“आई, ते जीव घेतील तुझा.”

“गाणं आहे ना. घरभर लावून ठेवा.”

सुबोधनं हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये स्पीकर बसवले. सूर सुरू असले की प्रकाशराव कुठल्या तरी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसत. जेवण भरवलं तर जेवत, नाही भरवलं तर नाही. पंधरा दिवसांत एकदाही कुणाला लागलं नाही.

“आजोबा ओके ऑलरेडी, लाह,” आर्या इथल्या शाळेतल्या मुलांसारखी म्हणाली.

मैत्रेयीनं तिकिटं रद्द केली. तिनंच सुबोधला समजावलं, की असलं प्रेम आपल्याला कळणार नाही, तर निदान तोडू नये. सोमवारपासून रजा संपून तिचं ऑफिस सुरू होणार होतं. सुबोधचं सुरूच होतं. आर्या शाळेत. दिवसभर म्हातारा-म्हातारी दोघंच घरी राहतील, असं ठरलं.

रविवारी दुपारी सुबोध आर्याला पोहायला घेऊन गेला. हॉलमध्ये त्या संगीताचा मधला, संथ भाग चालू होता. प्रकाशराव शू-रॅकच्या बाजूला डोकं झाकून बसले होते. कमलाबाई मोडलेली करंगळी सांभाळत मेथी निवडत होत्या.

मैत्रेयी त्यांच्यासमोर बसली. एक जुडी तिनं आपल्याकडे ओढली.

“आई, एक विचारू? आपल्याकडचं इतकं गाणं-बजावणं सोडून बाबांना हेच का एवढं आवडतं?”

कमलाबाईंनी पिवळं पान बाजूला टाकलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं. त्यांची नजर पडताच प्रकाशरावांनी हात डोक्यावर आणखी घट्ट आवळले.

“आवडतं कुठे?” त्या म्हणाल्या. “पट्टा हातात घ्यायच्या आधी मी हेच गाणं लावायचे. ह्यांचं ओरडणं शेजारी जाऊ नये म्हणून.”