उतरण्याआधी

विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायला कचरू आणि त्याच्या बायकोचा भाऊ सोमेश्वर जोडीनंच जात; कचरू तळाशी उतरे, सोमेश्वर वर दोरी धरे. आज मात्र राजूरच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाशी कचरूची बायकोच होती. त्याच्या रोजच्या माराला कंटाळून वंदनानं उडी टाकली होती.

सोमेश्वरनं आल्या आल्या कचरूचं तोंड फोडलं. मग नेहमीसारखी त्याच्या कमरेच्या दोरीची गाठ हिसडून पाहिली, श्वासाच्या नळीतून स्वतः हवा ओढून बघितली आणि कचरूच्या फुटलेल्या ओठांवरचं रक्त पुसून नळी त्याच्या दातांत द्यायला पुढं केली.

“दाजी, दम कोंडला की दोरी हलवा. जल्दी वर घेतो.”

कचरूला हुंदका फुटला. “सोम्या, माफ केलं का रे मला?”



“न्हाई. तुम्ही पाण्यानं मेले, तर माझ्या हातानं कोण मरंल?”